राखणीचं ताट

"हाऽऽ गं भोरड्येऽऽ, ऊठ गं सटवेऽऽ! पळ, रुपेऽऽ!"

रुपालीच्या कानात हा आवाज अजून तसाच आहे. थंडीच्या सकाळी मिरजगावच्या शिवारावरून तो तरंगत यायचा, ज्वारीच्या कणसांना हलवून पुढे जायचा, आणि त्याच्या मागोमाग गोफणीचा फटका वाजायचा. फट्ट! तो फटका वाजला की रुपाली सुटायची. हातात पत्र्याचा रिकामा डबा, डब्यात दोन खडे, अंगात भावाचा उसवलेला स्वेटर. गोफणीचा खडा उगवतीला जायचा आणि रुपाली मावळतीला. मधल्या रानातून भोरड्यांचा थवा असा उठायचा, जणू कुणी पांघरूण झटकलं.

तेव्हा ती बालवाडीत होती. तिला वाटायचं, जगातल्या सगळ्या पोरी अशाच पळतात. फटका वाजला की.

गोजरबाई, तिची आई, दिवसभर माळ्यावर उभी असायची. चार खांबांवर बांधलेला राखणीचा माळा, वर कडब्याची सावली, आणि पुढच्या खांबाला टांगलेलं स्टीलचं एक ताट. लग्नात आलेलं. गोजरबाई ते रोज राखेनं घासायची, इतकं की त्यात ऊन मावायचं नाही.

"आय, ताट कशाला टांगलंस गं?"

"पाखरं चमकेला भितात."

"मग गोफन कशाला?"

"लई बोलतीस. पळ, त्या कोपऱ्यात बसल्यात बघ."

उन्हं वर आली आणि पाखरं पांगली की गोजरबाई ओव्या म्हणायची. तिच्या ओवीत सगळी माणसं यायची, जनावरंही यायची. काळ्या म्हशीवर तिची एक ओवी होती, ती रुपालीला फार आवडायची:

*म्हैस गं माझी काळी, जशी आषाढाची रात*
*धारंला बसते मी, उजळती माझं हात*

माहेरच्या भावाच्या बैलजोडीवर ओवी होती. शेजारच्या रतनबाईच्या तोंडाळपणावर होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'बांधावरचा उंच माणूस' अशी मच्छिंद्रवरही होती. फक्त रुपालीवर नव्हती.

"माझी म्हन की," रुपाली हट्ट करायची.

"तुजी येत न्हाई," गोजरबाई म्हणायची आणि पाठ फिरवायची.

त्याचं कारण गावाला ठाऊक होतं. गावाचं म्हणणं असं, की परक्याची नजर मीठ-मोहरीनं उतरते, पण आईची नजर लागली की उतारा नाही. कधीकाळी गोजरबाईनं आपल्याच गोऱ्ह्याकडे डोळे भरून बघितलं होतं आणि "काय देखनं हाय गं माजं!" असं म्हटलं होतं. आठवडा झाला नाही तोच गोऱ्हा लंगडला. पुढे बरा झाला, बाजारात चांगल्या भावानं गेला, पण गोजरबाईनं धडा घेतला तो घेतलाच. आपल्या लेकराकडे टक लावून बघायचं नाही आणि तोंडावर कौतुक करायचं नाही. त्यातून लेकराचं जे काही देखणं होतं ते पायांतच होतं. म्हणजे मग तर मुळीच बघायचं नाही.

शाळेच्या स्पर्धेत रुपाली पहिली आली. घरी येऊन तिनं प्रमाणपत्र आईपुढं धरलं. गोजरबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "वारा पाठीमागून हुता आसंल."

तालुक्याला पहिली आली. "बाकीच्या पोरी जेवून आल्या आसत्याल."

जिल्ह्याला पहिली आली तेव्हा गोजरबाईची कारणं संपली. ती म्हणाली, "बरं. हातपाय धू."

मच्छिंद्रचं मात्र उलटं. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. स्टँडवर चहाच्या कपात बिस्कीट बुडवता बुडवता तो अनोळखी माणसालाही सांगायचा, "माजी पोरगी हितनं नगरला यष्टीच्या आदी पोचंल." माणूस म्हणायचा, "मामा, मधी घोगरगावला थांबा हाय." मच्छिंद्र म्हणायचा, "म्हनून तर!"

जिल्ह्याच्या त्या स्पर्धेतच मेहरीन मॅडमनी रुपालीला पाहिलं. मॅडम नगरला मुलींना धावण्याचं शिकवायच्या. सावेडीत त्यांचं घर होतं आणि वरच्या खोलीत बाहेरगावच्या दोन-तीन मुली राहायच्या. त्यांना रुपालीच्या पळण्यापेक्षा तिच्या सुटण्याचं नवल वाटलं. बंदूक वाजायची आणि बाकीच्या मुलींच्या लक्षात येईपर्यंत ही वाटेला लागलेली असायची.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"भोरड्यांनी," रुपाली म्हणाली. मॅडमना वाटलं पोरगी चेष्टा करते.

रुपाली सावेडीला राहायला गेली. मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून पहाटे मैदानावर जायचं, घाम गाळायचा, कॉलेजात डुलक्या घ्यायच्या, संध्याकाळी पुन्हा मैदान. खिळ्यांचे बूट आले. राज्य झालं, देश झाला. पेपरात फोटो आला, तो मच्छिंद्रनं मोटारसायकलच्या टाकीवर चिकटवला. आणि मग एका हिवाळ्यात भारताचं नाव लिहिलेला निळा शर्ट आला. थायलंडला आशियातल्या तरुण मुला-मुलींच्या स्पर्धा होत्या, आणि शंभर मीटरला रुपालीची निवड झाली होती.

जायच्या आधी ती घरी आली. आईच्या मागे मागे फिरली. गोजरबाईनं धपाटे बांधले, शेंगदाण्याची चटणी बांधली, तळहातावर दही ठेवलं, आणि सगळं करून झाल्यावर पाठ फिरवून उभी राहिली.

"आय, एकदा तरी मला पळताना बघ की."

"मला काय कळतंय त्यातलं."

"कळायला काय लागतं? मी पळते, तू बघायचं. एवढंच."

"गाडी चुकंल तुजी."

स्टँडजवळ फैयाजचं मोबाईलचं दुकान होतं. त्यानं मोबाईल मोठ्या टीव्हीला जोडला आणि अर्धं गाव त्याच्या दुकानापुढे जमलं. गोजरबाई आली, पण रस्त्याकडे तोंड करून बसली. तिकडे थायलंडला रुपाली वाकून बसली, बोटं रेषेला टेकली. सगळं मैदान श्वास धरून थांबलं. आणि कुठंतरी झेंड्याची दोरी वाऱ्यानं ताणली जाऊन लोखंडी खांबावर आपटली.

फट्ट!

रुपाली सुटली.

बंदूक वाजलीच नव्हती. आठ जणींत ती एकटीच पळत होती, आणि दहा पावलांवर तिला ते कळलं. या खेळात बंदुकीच्या आधी पाय हलला की बाद. दुसऱ्यांदा विचारत नाहीत. लाल कार्ड घेऊन एक बाई तिच्याकडे चालत आली. भारताच्या निळ्या शर्टात रुपाली बाजूला जाऊन बसली आणि उरलेल्या सात जणींची शर्यत तिनं प्रेक्षकासारखी पाहिली.

घरी आली तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "काय नाय गं, तू लवकर निघालीस येवडंच. उशीर केला आस्ता तर लाज." सगळे हसले. रुपालीही हसली. गोजरबाई हसली नाही. ती त्या दिवसापासून अशी गप्प झाली, की रतनबाईशी भांडायचंही विसरली. रुपालीला वाटलं, आईला आपली लाज वाटते. ते मनात घेऊनच ती सावेडीला परतली.

मॅडमनी तिच्यामागे पिशव्या फोडून पाहिल्या, फळ्या आपटून पाहिल्या, फटाके लावून पाहिले. कशालाच ती हलली नाही. "मग तिथं काय झालं?"

रुपाली म्हणाली, "मॅडम, ती दोरी वाजली ना, ती अगदी आमच्या गोफणीसारखी वाजली."

मग तिनं भोरड्यांची सगळी गोष्ट सांगितली. मॅडम ऐकता ऐकता हसायला लागल्या, आणि त्याच रविवारी एसटीनं मिरजगावला आल्या. बरोबर ठोकायची हातोडी आणि रुपालीचे पाय टेकवून सुटायचे लोखंडी ठोकळे.

पाखरांचे दिवस होते. माळ्याजवळच्या गाडीवाटेवर ठोकळे रोवले. मॅडम खाली उभ्या राहिल्या, हातात दोन फळ्यांची टाळी. ही बंदुकीच्या जागी.

"ताई, तुम्ही गोफण वाजवा. रुपाली, गोफण वाजली तर पळायचं नाही. माझी टाळी वाजली तरच."

गोजरबाई माळ्यावरून म्हणाली, "मॅडम, जल्मभर पळ म्हनाले. आता नको पळू म्हनू व्हय?"

"हो. तेच म्हणायचंय."

गोजरबाईनं पाठ फिरवली, गोफण फिरवली. फट्ट! रुपाली बांधापर्यंत पोचली. मच्छिंद्र कडब्याच्या पेंढीवर बसून पोट धरून हसत होता. "मॅडम, ह्या गाडीला ब्रेक दिल्याला न्हाई!"

परत. फट्ट! परत बांध. रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय तिचे होते, पण ऐकत आईचं होते. दुपार झाली, मॅडम घामाघूम झाल्या, हुरडा भाजला, खाल्ला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बांध.

मग पाठमोऱ्या गोजरबाईचा आवाज आला. किती दिवसांनी ती मोठ्यानं बोलली होती.

"रुपे, ह्यो आवाज पाखरासाठी हाय. तू पाखरू हायस का?"

"न्हाई."

"मग बस खाली."

फट्ट! थवा उठला. रुपाली बसून राहिली. तिच्या पोटऱ्या थरथरल्या, पण बोटं मातीवरच राहिली. पुन्हा फटका, पुन्हा ती बसलेली. मग मॅडमची टाळी वाजली आणि ती अशी सुटली, की मच्छिंद्र हसायचा थांबला.

परत येताना तिनं वर पाहिलं. अजूनही आईची पाठच होती. खांबाला टांगलेलं ताट तेवढं उन्हात लकाकत होतं.

पुढच्या हिवाळ्यात दोहाला आशियाची स्पर्धा होती. या वेळी रुपालीनं जाताना काही मागितलं नाही. धपाटे घेतले, पाया पडली, निघाली.

अंतिम शर्यत आपल्याकडच्या दिवेलागणीला होती. फैयाजच्या दुकानापुढे या वेळी अख्खं गाव होतं. जत्रेसारखी गर्दी. गोजरबाई सगळ्यात शेवटी आली आणि नेहमीसारखी रस्त्याकडे तोंड करून बसली. पदराखालून तिनं ताट काढलं आणि मांडीवर उभं धरलं.

"मावशी, ताट कशाला?" फैयाजनं विचारलं. "पंगत न्हाई आज, चहा हाय फक्त."

"शेंगा फोडायच्यात."

"शेंगा कुठंयत?"

"आनत्याल. तू तुजी टीव्ही बघ."

रतनबाईनं फैयाजला कोपरानं ढोसलं, "गप रं. तिचं डोकं ठिकाणावर न्हाई आज."

टीव्हीवर आठ मुली वाकल्या. ताट गोजरबाईच्या हातात जरासं कललं, आणखी जरासं कललं, आणि स्थिर झालं.

दोहाला वारा होता. रुपालीची बोटं रेषेला टेकली होती, कंबर वर गेली होती, आणि तिला ठाऊक होतं तसंच झालं. झेंड्याची दोरी खांबावर आपटली. फट्ट. *तू पाखरू हायस का?* न्हाई. ती बसून राहिली.

मग बंदूक वाजली.

गावाला नंतर नीट काही सांगता येईना. कुणी म्हणे ती पहिली निघाली, कुणी म्हणे उडाली. शेवटी चीनची पोरगी पुढे गेली, जपानची पुढे गेली, आणि तिसरी रुपाली. मच्छिंद्रनं फैयाजला उचललं. फैयाज ओरडला, "काका, खाली ठेवा, माझी काच फुटंल!" आशियातली तिसरी! रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी काही न कळता भोंगे वाजवले.

या गोंधळात गोजरबाई उठली, ताट पदराखाली घेतलं आणि घरी गेली.

रुपाली परत आली त्या सकाळी स्टँडपासून हलग्या वाजत होत्या. उघड्या जीपमध्ये तिला उभी केली, गुलालानं माखली. मेहरीन मॅडमही इतक्या रंगल्या, की स्वतःच्या ओढणीचा रंग शोधत होत्या. मच्छिंद्र पुढे नाचत होता. आई कुठंच दिसेना.

"आय कुठंय?"

"रानात," मच्छिंद्र म्हणाला. "म्हनली, पाखरांना काय ठाऊक तुजी मिरवनूक."

रुपाली जीपमधून उतरली आणि गळ्यातलं पदक हातात धरून चालत रानात गेली. ज्वारी डोक्याएवढी झाली होती. माळ्यावर आई उभी होती. पाठमोरी.

"आलीस?" गोजरबाई म्हणाली. वळली नाही. "च्या पिलीस का?"

"पिले."

"डाव्या गुडघ्याला कसली पट्टी बांधली हुती? लागलंय का?"

"काही न्हाई, जरा आखडला होता म्हणून..." रुपाली बोलता बोलता थांबली. तिनं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. "डावा न्हाई आय. उजवा."

"डावाच हुता."

"माझा गुडघा मला माहीत न्हाई का? आणि तुला कसं दिसलं? फैयाजभाई तर म्हणाले, मावशी रस्त्याकडे तोंड करून बसली होती."

गोफणीची दोरी गोजरबाईच्या बोटांत उगीच फिरत राहिली.

रुपाली शिडी चढली. कितीतरी वर्षांत ती माळ्यावर चढली नव्हती. तिची जागा खाली होती, वाटेवर. ती आईशेजारी, आईसारखीच पाठमोरी उभी राहिली. समोर खांबावर ताट होतं. ताटात अख्खं रान होतं, ज्वारी, बांध, आणि ज्या गाडीवाटेवर ती बालवाडीपासून पळली ती वाट, पहिल्या ढेकळापासून शेवटच्या बोरीपर्यंत. फक्त बोर दुसऱ्या हाताला गेली होती. तिनं उजवा हात हलवला. ताटातल्या रुपालीनं डावा हलवला.

लहानपणी ग्रहण लागलं होतं तेव्हा आईनं परातीत पाणी घेऊन त्यात सूर्य दाखवला होता. "सरळ बघू न्हाई," म्हणाली होती. "डोळ्यालाबी बाधतं, सूर्यालाबी."

"आय," रुपाली म्हणाली. "म्हणजे पहिल्यापासून?"

"चमकेला पाखरं भितातच की," गोजरबाई म्हणाली. मग म्हणाली, "एक डाव सोडून. थायलंडाच्या टायमाला ताट न्यायचं राह्यलं. मन आवरंना. वळले अन सरळ बघितलं. अन तू..."

"अगं, ती तर दोरी वाजली!"

"दोरी तर रोजच आसंल थितं. तवाच का वाजली?"

"दोहालासुद्धा वाजली. मी बसून राह्यले."

"दोहाला मी ताटात बघत हुते!"

रुपाली हसायला लागली. हसता हसता तिच्या गुलालावर ओघळ आले. थायलंडनंतर आई गप्प का झाली ते तिला आत्ता कळत होतं. ती वाकली, खांबावरचं ताट काढलं आणि पालथं करून आईच्या पायाशी ठेवलं.

"रुपे! काय करतीस?"

"आता बघ. सरळ बघ. मी वाटेवरनं पळते. लंगडले तर जल्मभर ताटात बघ, मी काही म्हणायची न्हाई."

"मला न्हाई जमायचं गं."

"गोफन तर वाजवता येती ना?"

ती खाली उतरली. पदक हातात नको म्हणून पुन्हा गळ्यात घातलं, चपला काढल्या आणि गाडीवाटेवर, ढेकळापाशी वाकून बसली. मागं वळून पाहिलं नाही. आता पाठ तिची होती. लांबून हलग्यांचा आवाज येत होता, गाव तिला शोधत रानाकडे येत होतं. ज्वारीत भोरड्या उतरल्या होत्या आणि निवांत खात होत्या.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही.

मग फट्ट!

रुपाली सुटली. थवा उठला, ज्वारीवरून, डोक्यावरून, आणि ती त्याच्याखालून अनवाणी पळत गेली. गळ्यातलं पदक छातीवर वाजत होतं, डब्यातल्या खड्यासारखं. बोरीला हात लावून ती थांबली. दोन्ही गुडघे चाचपले. धड होते. मग हळूच वळली.

माळ्यावर गोजरबाई तिच्याकडे तोंड करून उभी होती. डोळ्यांवर हात नव्हता, पदर नव्हता. सरळ बघत होती. आणि कणसांच्या वरून तो आवाज आला, लांबवलेला, जुना, थोडा फाटलेला:

*गोफनीचा गं खडा, माझ्या हातूनी सुटला*
*माझ्या रुपालीचा पाय, न्हाई भुईला टेकला*

*इचारती लोकं, कुनाचं हे पाखरू*
*सांगा त्यांना रुपाली, ह्या गोजराचं लेकरू*